पाकिटाची मागची बाजू पुढे यायला हवी

संपादक महोदय, नमस्कार.

हेल्दी खा, हेल्दी खा असं सगळेच सांगतात, पण दुकानात हातात पाकीट घेतल्यावर ओळखायचं कसं ते कोणी सांगत नाही आणि मग माणूस पुढच्या बाजूचं 'नॅचरल' नाहीतर 'मल्टिग्रेन' वाचून विश्वासाने घरी आणतो. मी पण कित्येक वर्षं हेच केलं. बीपी निघालं तेव्हा पहिल्यांदा पाकीट उलटं करून वाचलं.

मागे बारीक अक्षरात 'सोडियम' असतं, तेही मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचने गुणायचं की मीठ किती ते कळतं, म्हणजे 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, आणि त्यात घरच्या जेवणातलंही आलं बरं का! साखरेचं गणित सोपं आहे, 4 ग्रॅम म्हणजे साधारण एक छोटा चमचा. 300 मिली कोलामध्ये सात-आठ चमचे साखर निघते, एवढी साखर आपण स्वतःच्या हाताने ग्लासात घातली असती का?

अजून एक बघा, आकडे बऱ्याचदा 'एका सर्व्हिंग'चे, म्हणजे एका वेळी खायच्या वाट्याचे असतात आणि अख्खं पाकीट म्हणजे तीन-चार सर्व्हिंग, आपण तर ते एका बैठकीत संपवतो. घटकांच्या यादीत जे जास्त असतं ते आधी लिहितात, म्हणून पहिली तीन नावं तरी वाचाच. साखर पण डेक्स्ट्रोज, कॉर्न सिरप अशा वेगवेगळ्या नावांनी येते.

पण मला मनापासून वाटतं की हा सगळा हिशोब गिऱ्हाईकावर टाकणं बरोबर नाही. दमून घरी चाललेल्या आईने, डोळे अधू झालेल्या आजोबांनी हे वाचायचं कसं? चिली देशाने 2016 पासून साखर, मीठ, सॅच्युरेटेड फॅट किंवा कॅलरीज जास्त असलेल्या पाकिटांवर पुढच्याच बाजूला काळी अष्टकोनी खूण सक्तीची केली, लहान मुलालाही समजेल अशी. अशी खूण सगळीकडेच हवी.

तोवर तुमच्या पेपरात आठवड्यातून एकदा एका पदार्थाचं लेबल मोठ्या अक्षरात छापून ते कसं वाचायचं हे समजावून सांगाल का? छोटा चौकोन दिलात तरी चालेल, मी कापून फ्रिजवर लावीन.

- आपला एक नियमित वाचक