‘काहीही उघडू नका’: एका कागद-संवर्धक ताईंना अनावृत आभारपत्र

आदरणीय ताई,

सा. न. वि. वि.

आपले नाव कुठेही छापायचे नाही ही आपली अट पाळून हे पत्र लिहीत आहे. फोनवर मी आपले आभार मानले होते, पण फ्लोरिडातल्या इयान चक्रीवादळानंतरच्या आठवड्यात आपण मला जे शिकवले ते माझ्यापुरते राहू नये असे फार वाटते. तिकिटे, नाणी, जुने लिफाफे, कॉमिक्स किंवा खेळाडूंची कार्डे जिवापाड सांभाळणारी आणि चक्रीवादळांच्या वाटेवर राहणारी मराठी माणसे इथे पुष्कळ आहेत. त्यांच्याही कानांवर ते जावे, म्हणून हे आभार उघडपणे मानत आहे.

२६ सप्टेंबर २०२२ च्या संध्याकाळी आम्हा सगळ्यांचे लक्ष टँपा शहराकडे होते. वादळाच्या मार्गाच्या अंदाजाची मधली रेषा तिकडे जात होती, आणि आमचे फोर्ट मायर्स त्या रेषेच्या बरेच दक्षिणेला होते. नकाशावरचा शंकू फक्त वादळाच्या केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवतो, उधाण, पाऊस आणि वारे त्याच्या कितीतरी बाहेर पोहोचतात, हे मी अनेकदा ऐकले होते, तरीही मी त्या रेषेच्या भरवशावर बसलो. दुसऱ्या दिवशी आमच्या काउंटीत स्थलांतराचे आदेश निघाले तेव्हा माझ्या हाती एक दुपार उरली होती. नाण्यांच्या पेट्या आटोपशीर असतात, म्हणून बहुतेक पेट्या गाडीत घेतल्या. तिकिटांचे ४३ अल्बम तळमजल्यावरच्या खोलीत सर्वांत वरच्या फळीवर चढवले, कॉमिक्सचे खोके टेबलांवर ठेवले आणि आम्ही पूर्व किनाऱ्यावरच्या एका मित्राकडे निघून गेलो. २८ तारखेच्या दुपारी ताशी १५० मैल वेगाच्या वाऱ्यांसह इयान कायो कोस्टा बेटावर धडकले. फोर्ट मायर्स बीचवर समुद्राचे पाणी जमिनीपासून १० ते १५ फूट चढले, आणि कॅलूसाहॅची नदी उलटी फिरून शहरात शिरली.

१ ऑक्टोबरला दार उघडले तेव्हा भिंतीवर साडेतीन फुटांवर चिखलाची रेघ होती. वरची फळी त्या रेघेच्या खूप वर होती, पण कपाट लाकडी भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचे होते. खालच्या फळ्या पाणी पिऊन फुगल्या, कपाट बसले आणि अल्बम खाऱ्या पाण्यात पडले. उंचीचा विचार केला होता, आधाराचा केला नव्हता. त्या क्षणी माझ्या मनात एकच गोष्ट होती, की सगळे अल्बम अंगणात उन्हात पसरावेत आणि पान अन् पान सुटे करावे. ताई, आमच्या मित्राकडून मला आपला नंबर मिळाला नसता, तर मी तेच केले असते.

आपले पहिले वाक्य होते, “काहीही उघडू नका.” नंतर आपण शांतपणे कारणे सांगितली. भिजलेला कागद सर्वांत दुबळा असतो, त्यामुळे पान उलटताना पानाबरोबर तिकीटही फाटते. कॉमिक्सचे गुळगुळीत मुखपृष्ठ ओले असताना शेजारच्या अंकाला चिकटते आणि त्याच अवस्थेत वाळले, तर गठ्ठ्याची वीट होते, मग ती कोणालाही सोडवता येत नाही. उबदार, दमट हवेत साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते. आमच्याकडे वीज नव्हती, म्हणजे वातानुकूलन नव्हते, आणि तो काळ तर उलटूनही गेला होता. आपण म्हणालात, “आता कागद वाळवायचा नाही, वेळ थांबवायची. गोठवा.” गोठवल्याने बुरशी मरत नाही, पण तिची वाढ थांबते, शाई पसरायची थांबते, आणि घाबरलेल्या माणसाला विचार करायला महिने मिळतात. ही शेवटची गोष्ट आपण सांगितली नव्हती, ती मला अनुभवातून कळली.

पुढचे दोन दिवस आपण फोनवरून एकेक पाऊल सांगत गेलात. आधी प्रत्येक वस्तू जिथे पडली तिथेच तिचे छायाचित्र घ्यायचे, मग हात लावायचा. दोन-दोन अल्बमांमध्ये मेणकागद घालायचा, पुडकी लहान ठेवायची, खोके गच्च भरायचे नाहीत. शाई ओघळते, म्हणून क्रमांक शिसपेन्सिलनेच लिहायचे. शहरात वीज नसल्याने मित्राच्या घरातल्या मोठ्या फ्रीझरपर्यंत माल कोरड्या बर्फात न्यायचा होता, तेव्हा गाडीच्या काचा उघड्या ठेवण्याची ताकीद आपण तीन वेळा दिली, कारण कोरड्या बर्फातून निघणारा कार्बन डायऑक्साइड बंद गाडीत जीव घेऊ शकतो. मालाच्या चिंतेत मी ते नक्कीच विसरलो असतो. खेळाडूंच्या सह्या असलेली काही पोलरॉइड छायाचित्रे होती, ती मात्र गोठवायची नाहीत, थंड स्वच्छ पाण्यात हलकेच बुडवून चित्राची बाजू वर ठेवून वाळवायची, हेही आपण वेगळे सांगितले.

धुण्याबद्दलची आपली सूचना मला आजही सर्वांत मोलाची वाटते. खारा चिखल धुतला पाहिजे हे तर मलाही कळत होते, आणि वापरलेली तिकिटे पाण्यात भिजवून कागदापासून सोडवण्याचे काम आम्ही तिकीटवाले आयुष्यभर करतो. पण आपण विचारले, “तुमच्याकडे १८८३-८४ ची ब्रिटिश तिकिटे आहेत का?” त्या मालिकेची जांभळट आणि हिरवी तिकिटे मुद्दाम कच्च्या शाईत छापली होती, कोणी शिक्का पुसून तिकीट पुन्हा वापरू नये म्हणून. जी शाई शिक्का पुसणाऱ्याला दगा देते ती धुणाऱ्यालाही देते. माझ्याकडे त्यांचे एक अख्खे पान होते. लिफाफ्यांवरच्या जांभळ्या रबरी शिक्क्यांचेही तसेच. ज्या शाईची खात्री नाही ती वस्तू चिखलासकट गोठवावी, चिखल नंतरही निघतो पण वाहून गेलेला रंग परत येत नाही, हे आपण ठामपणे सांगितले म्हणून ते पान आज माझ्याकडे आहे. कोऱ्या तिकिटांचा मूळ डिंक मात्र गेला, आणि डिंकाबरोबर त्यांची बरीचशी किंमतही. त्यावर उपाय नाही हे आपण पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले, खोटी आशा दाखवली नाही, याबद्दलही मी आपला आभारी आहे.

एक चांदीच्या नाण्यांची पेटी घरी राहिली होती. धातू हा आपला विषय नाही असे सांगून आपण मला दुसऱ्या जाणकारांकडे पाठवले. त्यांनी ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात बुडवून मीठ काढायला सांगितले आणि कापड लावायला साफ मनाई केली. चोळलेले नाणे ‘साफ केलेले’ ठरते आणि संग्राहकाच्या दृष्टीने त्याचा दर्जा कायमचा उतरतो. प्रतवारी करून प्लास्टिकच्या डबीत बंद केलेली नाणीही सुरक्षित नव्हती, कारण त्या डब्या जलरोधक नसतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी आपला सर्वांत जास्त ऋणी आहे ती सांगतो. त्या खोलीतला सगळा माल माझा नव्हता. नऊ संग्राहकांनी विक्रीसाठी माझ्याकडे ठेवलेल्या वस्तू त्यात होत्या. काय वाचले हे कळल्यावरच त्यांना कळवावे असा माझा विचार होता, आणि त्यात भीतीचा वाटा मोठा होता. आपण म्हणालात, “त्यांना आजच फोन करा. वस्तू त्यांची आहे, धुवायची की गोठवायची हेही त्यांनीच ठरवू दे.” मी त्याच संध्याकाळी मोबाइलला जेमतेम मिळणाऱ्या सिग्नलवर नऊ फोन केले. दोघे संतापले, एक बाई रडल्या, बाकीच्यांनी आधी माझ्या घरच्यांची चौकशी केली. त्या नऊपैकी सात जण आजही माझ्याकडे माल देतात. आमचा धंदा मालापेक्षा शब्दावर चालतो, आणि तो शब्द त्या संध्याकाळी आपल्यामुळे राहिला.

विम्याबाबतही एक गोष्ट इथे नोंदवतो, कारण ती मला फार उशिरा समजली. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही, म्हणून मी राष्ट्रीय पूर विमा घेतला होता आणि निश्चिंत होतो. त्या पॉलिसीत संग्राह्य वस्तू, खेळांची कार्डे, दुर्मिळ पुस्तके, सह्या, दागिने आणि व्यवसायाचे सामान या सगळ्यांना मिळून २,५०० डॉलरची मर्यादा आहे, आणि नाणी व टपाल तिकिटे तर त्यातून पूर्णपणे वगळलेली आहेत. संग्रहासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो, आणि त्यातही पुराचा उल्लेख शब्दशः वाचून घ्यावा लागतो. वादळ नकाशावर दिसू लागल्यावर पूर विमा काढण्यात अर्थ नसतो, कारण तो सामान्यतः ३० दिवसांनी लागू होतो. आपण काढायला लावलेली ती छायाचित्रे आणि पेन्सिलीने लिहिलेली यादी मी नंतर घेतलेल्या वेगळ्या विम्याच्या अर्जाला जोडली, तेव्हा एकाही वस्तूबद्दल शंका विचारली गेली नाही.

२०२४ मध्ये आपल्या शिकवणीची परीक्षा झाली. २६ सप्टेंबरला हेलीन चक्रीवादळ आले आणि तेराव्या दिवशी, ९ ऑक्टोबरला, मिल्टन सॅरासोटाजवळच्या सिएस्टा की येथे धडकले. नाणी आणि कॉमिक्स यांची प्रतवारी करणाऱ्या काही मोठ्या संस्थांचे मुख्यालय सॅरासोटाला आहे, त्यामुळे देशभरच्या संग्राहकांचा जीव त्या रात्री टांगणीला लागला होता. मी मात्र या वेळी रेषेकडे पाहत बसलो नाही. आदेशाची वाट न पाहता तीन दिवस आधी सगळा माल रबरी कडेच्या घट्ट झाकणांच्या पेट्यांत, आर्द्रता शोषणाऱ्या पुड्यांसह, दूर हलवला. जे सौदे चालू होते त्या ग्राहकांना पैसे आणि टपाल दोन्ही थांबवण्याची विनंती केली, आणि यादीची प्रत दुसऱ्या राज्यातल्या बहिणीकडे ठेवली. लाकडी भुशाची कपाटे तर केव्हाच काढून टाकली होती.

इयाननंतर गोठवलेली पुडकी अकरा महिन्यांनी निर्वात शुष्कीकरणासाठी गेली. त्या कक्षात बर्फाचे पाणी न होता थेट वाफ होते, म्हणून पाने चिकटत नाहीत. हे सगळे मार्गदर्शन करताना आपण माझ्याकडून एक डॉलरही घेतला नाही आणि फोन कितीही वेळा केला तरी कंटाळा दाखवला नाही.

त्या नऊ जणांपैकी एका वृद्ध गृहस्थांचा एक लिफाफा आपल्याला आठवत असेल. त्यांच्या वडिलांनी बोटीवरून घरी पाठवलेला, जांभळ्या शिक्क्याचा, आपण अजिबात धुवू नका म्हणून बजावलेला. तो सुकून आल्यावर त्यांनी विकायचा विचार सोडला आणि घरी नेला. आपण त्याचे छायाचित्र मागितले होते, ते त्यांच्या परवानगीने आपल्याला वेगळे पाठवले आहे. कडेला पाण्याची तपकिरी रेघ राहिली आहे, पण शिक्क्यावरची तारीख भिंगाशिवाय वाचता येते.

आपला कृतज्ञ,
फोर्ट मायर्सचा एक तिकीटसंग्राहक व व्यापारी