गोळ्यांची पूर्ण यादी फक्त तुमच्याकडे आहे

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गुडघ्यासाठी तुम्हाला डायक्लोफिनॅक सुरू झाल्याचं आईकडून कळलं. बीपीच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांनी काही विचारलं का, म्हटलं तर ती म्हणाली, "त्यांना घाई होती, आणि ह्यांनीही विषय काढला नाही." फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणून मोकळे होता, म्हणून सविस्तर लिहितेय.

तुमच्या बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन आहे आणि सोबत लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड. त्यात डायक्लोफिनॅकसारखं वेदनाशामक आलं की मूत्रपिंडावर तिन्ही बाजूंनी ताण येतो. वेदनाशामकामुळे मूत्रपिंडाच्या गाळणीत रक्त आणणारी वाहिनी आकसते, टेल्मिसार्टनमुळे रक्त बाहेर नेणारी वाहिनी सैल होते, आणि लघवीच्या औषधाने अंगातलं पाणी आधीच उतरलेलं असतं. रक्त गाळायला लागणारा दाबच कमी होतो. उतारवयात हा धोका जास्त, त्यात उलट्या-जुलाब झाले तर आणखी. शिवाय अशा वेदनाशामकांनी बीपीही चढू शकतं. प्रत्येकाला त्रास होतोच असं नाही, आणि बीपीची गोळी तुम्ही आपल्या मनाने मुळीच थांबवायची नाही. पण गुडघ्याच्या डॉक्टरांना बीपीची गोळी माहीत नाही, बीपीच्या डॉक्टरांना गुडघ्याची. पूर्ण यादी फक्त तुमच्याकडे आहे. ती तुम्ही सांगितली नाहीत, तर कितीही हुशार डॉक्टर असोत, त्यांना कळणार कुठून?

"डॉक्टरांना उलट विचारणं बरं दिसत नाही" हे तुमचं ठरलेलं वाक्य. बाबा, मला ते पटत नाही. तुम्ही त्यांच्या ज्ञानावर शंका घेत नाही, त्यांच्या हातात नसलेली माहिती त्यांना देता. चांगल्या डॉक्टरांना ती हवीच असते.

माझंच सांगते. थायरॉइडची गोळी वेळेवर घेऊनही माझा टीएसएच, म्हणजे औषध कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा, वाढलेला आला. इथे बोस्टनमध्ये तपासणीनंतर डॉक्टरांनी लिहिलेली नोंद रुग्णाला ऑनलाइन वाचता येते. त्यात 'डोस वाढवण्याचा विचार' असं होतं आणि खाली माझ्या औषधांची यादी. दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेलं कॅल्शियम त्या यादीत नव्हतं. मी तसं कळवलं. त्यांचं लगेच उत्तर आलं: कॅल्शियममुळे थायरॉइडचं औषध नीट शोषलं जात नाही, दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा, डोसचं पुढच्या तपासणीनंतर बघू. वेळ बदलली आणि टीएसएच खाली आला. डोस तेवढाच राहिला.

हे नोंदी दाखवणं इथेही फार जुनं नाही. २०१० मध्ये बोस्टन, पेनसिल्व्हेनिया आणि सिएटल इथल्या शंभराहून जास्त डॉक्टरांनी 'ओपननोट्स' या नावाने हा प्रयोग केला. रुग्ण घाबरतील, शंका विचारून भंडावतील अशी धास्ती बऱ्याच डॉक्टरांना होती. वर्षभराने विचारलं तेव्हा एकाही डॉक्टरला तो बंद करायचा नव्हता. २०२१ पासून तर अमेरिकेत तसा नियमच झाला. आपल्याकडेही मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत आहे की रुग्णाने कागदपत्रं मागितली तर ७२ तासांत द्यावीत. तेव्हा मागच्या ऑपरेशनची फाइल मागायला संकोचू नका. ते उपकार नाहीत.

डॉक्टरांकडे वेळ कमी असतो, हे मान्य. अमेरिकेतल्या १९८४ च्या एका अभ्यासात दिसलं होतं की रुग्ण बोलायला लागल्यावर सरासरी १८ सेकंदांतच डॉक्टर त्याला मध्ये तोडतात. म्हणून प्रस्तावना नको. खुर्चीत बसल्या बसल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं टेबलावर ठेवा आणि म्हणा, "मी हे सगळं घेतोय, याच्याबरोबर ही गुडघ्याची गोळी चालेल का?" पाकिटावर कंपनीने दिलेलं नाव वेगळं असतं, औषधाचं मूळ नाव वेगळं. आईला भिंग घेऊन ते मूळ नावच वहीत उतरवायला सांगा. एकच औषध दोन नावांनी पोटात जातंय असंही पुष्कळदा निघतं, पॅरासिटामॉलच्या बाबतीत तर फारच.

मग विचारा: ही गोळी किती दिवस? दुसरं काय करता येईल, नुसतं लावायचं मलम किंवा व्यायाम? आणि काहीच केलं नाही तर काय होईल? हा शेवटचा प्रश्न माझा सगळ्यात आवडता आहे, कारण त्याच्या उत्तरात बऱ्याचदा कळतं की घाई कशाची आहे आणि कशाची नाही. तुम्हाला काय हवंय तेही सांगा. जिना चढता यायला हवा की रात्रीची झोप हवी, हे एक्स-रेत दिसत नाही.

निघण्यापूर्वी त्यांनी सांगितलेलं तुमच्या शब्दांत त्यांनाच परत सांगा: "म्हणजे मी असं असं करायचं, बरोबर?" समजण्यात काही चुकलं असेल तर तिथेच सुधारेल. आईला बरोबर न्या. तुम्ही ऐकाल तेव्हा ती लिहील.

उद्या सकाळीच बीपीच्या डॉक्टरांना फोन करा आणि तोवर डायक्लोफिनॅकची पुढची गोळी घ्यायची की थांबवायची, तेही त्यांनाच विचारा. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते त्यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासायला हवं का, हाही प्रश्न त्याच फोनवर. तपासणी झालीच तर जुन्या रिपोर्टसकट फोटो पाठवा, म्हणजे आकडा कुठून कुठे गेला ते कळेल.

आईला साष्टांग नमस्कार.

तुमची,
धाकटी