तुझी कादंबरी वाचली

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा खर्डा वाचून झाला. आधी मनापासून आवडलेलं सांगते. तिसऱ्या प्रकरणात तुझा गुप्तहेर मेलेल्या भावाच्या मोबाईलवर रिचार्ज मारतो, नंबर बंद पडू नये म्हणून. दुकानदार विचारतो, "चालू आहे ना हा नंबर?" हा म्हणतो, "आहे की." तिथे मला तो माणूस दिसला. मग त्याखाली अर्धं पान त्याचं दुःख समजावून सांगायची काय गरज? ते सरळ उडव.

आता त्याची दारू. रात्री तर्र होतो आणि सकाळी याच्या नजरेतून राखेचा कणही सुटत नाही! म्हणजे दारू नुसती शोभेची. कॉनन डॉयलने १८९० मधल्या होम्सच्या दुसऱ्या कादंबरीत त्याला कोकेनची सुई टोचून घ्यायला लावली, पण कारण देऊन. हाताशी प्रकरण नसलं की त्याचं डोकं त्यालाच खायला उठतं. जी अस्वस्थता त्याला तपासाला लावते, तीच सुईकडे नेते. तुझ्या गड्याचं पिणं आणि त्याचं काम यांची कुठे गाठच पडत नाही.

खासगी गुप्तहेराला ना अटकेचा अधिकार, ना झडतीचा. समोरच्याने बोलावं एवढंच त्याचं भांडवल. म्हणून सातव्या प्रकरणात त्याच्या तोंडाचा भपकारा येताच त्या विधवेला दार लावून घेऊ दे. तो शुद्धीवर येऊन परत जाईल, तोवर तिने पत्रं जाळलेली असोत.

खुनी त्या घरात पूर्वी राहिलेला, हे शेवटी एकदम कळतं. ही वाचकाची फसवणूक आहे. आधीच कधीतरी त्या खुन्याला तिथे अंधारात न चाचपडता दिव्याचं बटण दाबू दे. बोलू नकोस त्यावर काही, पुढे जा.

प्रकाशकाकडे पाठवायची घाई झालीय तुला. गुप्तहेरकथा लिहिणाऱ्या रेमंड चँडलरची तेल कंपनीतली नोकरी १९३२ मध्ये गेली, त्यात दारूचाही वाटा होता. मग तो मासिकांत कथा लिहीत राहिला, आणि पहिली कादंबरी आली १९३९ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी. तुला पन्नाशीपर्यंत थांब म्हणत नाही, अजून एक खर्डा कर म्हणतेय.

बाबा अर्ध्यावर आलेत. त्यांचा सगळा संशय त्या बहिणीवर आहे, आणि मी काही बोललेले नाही. तूही फोनवर सांगू नकोस.

तुझी,
आई