बाबा, होकायंत्र काढू नका

केप टाउन, 24 ऑगस्ट

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

परवा फोनची रेंज गेली आणि बोलणं अर्धवट राहिलं. केबिन नवी केल्यापासून बोटीचं होकायंत्र जीपीएसशी जुळत नाही आणि मेकॅनिक म्हणतो ते काढून टाका, असं तुम्ही सांगत होतात. काढू नका, बाबा. म्हणून सवडीने लिहिते आहे.

आधी एक. बोट प्रत्यक्षात जिकडे सरकते ती दिशा जीपीएस दाखवतो, आणि नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, जिकडे असते ती दिशा होकायंत्र दाखवतं. पाण्याचा ओढा आडवा असला की दोन्ही आकडे वेगळे येणारच. त्यामुळे भर ओहोटीत त्यांची तुलना करून काही ठरवू नका.

पण केबिन बदलल्यावर फरक पडला म्हणजे खरी चूकही शिरली असणार. होकायंत्राच्या चुका दोन. एक पृथ्वीची. काटा चुंबकीय उत्तर दाखवतो, खरी उत्तर नाही, आणि हा फरक जागोजागी वेगळा असतो. त्याला व्हेरिएशन म्हणतात. आपल्या अलिबागला तो एका अंशाच्याही आत आहे, म्हणून तुम्हाला कधी जाणवला नाही. इथे आफ्रिकेच्या टोकाला तो सुमारे 26 अंश पश्चिम आहे! दुसरी चूक बोटीच्या स्वतःच्या लोखंडाची, ती डेव्हिएशन. ही फसवी, कारण नाळ फिरवली की ती बदलते. उत्तरेला जाताना दोन अंश असेल, तर पूर्वेला सहा.

आमचं जहाज सिंगापूरला दुरुस्तीच्या कोरड्या गोदीत, ड्रायडॉकमध्ये होतं. पोलादाचा सांगाडा एकाच दिशेला पडून राहतो, त्यावर ठोकाठोकी नि वेल्डिंग होतं, आणि त्यात पृथ्वीचं चुंबकत्व मुरतं. म्हणून बाहेर पडल्यावर कंपास अॅडजस्टर आले. जहाज सावकाश आठ दिशांना फिरवलं, प्रत्येक दिशेला सूर्याचं बेअरिंग, म्हणजे कंपासवरची दिशा, घेतलं आणि कंपासखालच्या पेटीत लहान चुंबकं सरकवली. पूर्व-पश्चिमेला असताना लांबीच्या दिशेची, उत्तर-दक्षिणेला आडवी. दोन्ही बाजूंचे लोखंडी गोळे मधल्या दिशांसाठी. तरी थोडी चूक उरतेच. तिचा तक्ता करून कंपासजवळ लावतात.

एवढं करूनही तो तक्ता इथे पूर्ण लागू पडत नाही. सिंगापूर चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे, तिथे पृथ्वीची ओढ जवळजवळ आडवी. इथे ती खूप तिरकी, त्यामुळे जहाजाचं उभं लोखंड, म्हणजे चिमणी, खांब, हे सगळं जोरात चुंबक बनतं. इंग्रज दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्स 1801 ते 1803 मध्ये ऑस्ट्रेलियाचा किनारा मोजत होता, तेव्हा जहाजाची दिशा बदलली की कंपासही बदलतो हे त्याने टिपलं. उभ्या लोखंडाची चूक भरून काढणारी, त्याच्या नावाची उभी लोखंडी कांब, फ्लिंडर्स बार, आजही आमच्या कंपासपुढे आहे. त्याचं जहाज लाकडी होतं, तरी त्याने एवढं बारीक पाहिलं. त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. पुढे लोखंडी जहाजं आली आणि हा प्रश्न जिवावर बेतू लागला. 1854 मध्ये लिव्हरपूलहून निघालेलं ‘टेलर’ हे नवं जहाज डब्लिनजवळच्या बेटावर आदळलं, तीनशेहून अधिक माणसं गेली. कंपास चुकीची दिशा दाखवत होते.

म्हणून आम्ही दर वॉचला, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीला, चूक मोजून वहीत लिहितो. परवा सूर्य उगवताना कंपासवर 101 अंश दिसला, गणिताने खरी दिशा 76 निघाली. ‘एरर वेस्ट, कंपास बेस्ट’, म्हणजे कंपासचा आकडा मोठा तर चूक पश्चिम. चूक 25 पश्चिम, व्हेरिएशन 26 पश्चिम, म्हणजे जहाजाचं डेव्हिएशन 1 पूर्व. विजेवर फिरणाऱ्या चाकाचा जायरो कंपास आहे, जीपीएस आहे, पण वीज गेली तर जायरो पुन्हा स्थिरावायला काही तास लागतात. चुंबकाला विजेची गरजच नाही.

आता बोटीचं. केबिनमध्ये होकायंत्राजवळ स्पीकर बसवलाय का ते बघा. स्पीकरमध्ये चुंबक असतं. वायरलेसचा हँडसेट, मोबाइल, लोखंडी पाने, कोयता, सगळं निदान हातभर लांब ठेवा. नव्या चौकटीचे स्क्रू लोखंडी असतील तर पितळेचे घाला. मग शांत पाण्यात किनाऱ्यावरच्या दोन ठळक खुणा एका रेषेत धरा. त्या रेषेची दिशा चार्टवरून आधी काढून ठेवा. बोट वेगवेगळ्या दिशांना नेत ती रेषा ओलांडा आणि दर वेळी होकायंत्रावरून खुणांची दिशा लिहा. आपल्याकडे व्हेरिएशन जवळजवळ शून्य, त्यामुळे जो फरक येईल तो सगळा बोटीचाच. इतका सोपा हिशोब जगात फार थोड्या ठिकाणी जमतो.

अलिबागच्या समुद्राजवळच्या वेधशाळेवरून तुम्ही रोज जाता. मुंबईत विजेच्या ट्रामा येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय मोजणी 1904 मध्ये तिथे हलवली, आणि ती इमारत चुंबकाला न ओढणाऱ्या सामानाने बांधली. ट्रामच्या विजेने जे होतं तेच तुमच्या केबिनमध्ये स्पीकरने होत असेल.

आकडे व्हॉट्सअॅपवर फोटो काढून पाठवा, मी तक्ता करून देते. होकायंत्रात बाजूला समायोजनाचे लहान स्क्रू असतील तर मी सांगेपर्यंत फिरवू नका. आणि तोवर मासेमारीला जाताना केवळ मोबाइलवर विसंबू नका. बॅटरी भिजली की संपलं.

आईला नमस्कार सांगा. रॉटरडॅमला पोचले की फोन करते.

तुमची,
सुजाता