दोष गळ्याचा नव्हता, खोलीचा होता: साउंड इंजिनीअर दादांना आभाराचं पत्र

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

नाव कुठे छापायचं नाही, असं तुम्ही बजावलं आहे. म्हणून नुसतं दादा. पण पत्र उघड लिहितोय, कारण वस्तीत मुलांसाठी गाण्याचा वर्ग आणि छोटा स्टुडिओ चालवणाऱ्या प्रत्येकापर्यंत तुमचं काम पोचायला हवं.

व्हेनेझुएलात होसे आंतोनियो आब्रेऊ यांनी १९७५ मध्ये सुरू केलेल्या 'एल सिस्तेमा'पासून आपल्या गोव्यातल्या चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशनपर्यंत, गरीब घरांतल्या मुलांच्या हाती वाद्य देणारे उपक्रम जगभर आहेत. वाद्यवृंदात मूल सगळ्यांच्या आवाजात मिसळून जातं. रेकॉर्डिंगमध्ये मात्र ते पहिल्यांदाच एकटं स्वतःला ऐकतं. तेव्हा ऐकू आलेला आवाज घुमणारा, चिरका, बेसूर असेल, तर दहा वर्षांची मुलगी खोलीला दोष देत नाही. 'माझा गळाच वाईट' म्हणते आणि पुढच्या रविवारी येत नाही. हे तुम्ही ओळखलंत, आणि मुलांच्या गळ्यावर येणारा एकेक दोष जिथला तिथे नेऊन ठेवलात. त्याचेच हे आभार.

देणगीचे पैसे आले की सगळे आधी मायक्रोफोन घेतात. तुम्ही आधी दार बदलायला लावलंत. पोकळ दार काढून भरीव फ्लश डोअर, चौकटीला रबराची पट्टी, खाली झडप. आवाज फटीतून येतो, आणि बोटभर फट राहिली तर जाड भिंतीचाही उपयोग होत नाही. अंड्यांचे ट्रे लावायचा बेत तुम्ही तिथल्या तिथे मोडलात, तेही बरं झालं. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं आणि ट्रेला वजनच नसतं. पातळ फोम तर फक्त वरचे सूर खातो, मग आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा येतो आणि खालचा घुमारा तसाच राहतो.

आमची खोली दहा बाय दहा, म्हणजे सगळ्यात वाईट माप. दहा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्‌झ आणि त्याच्या दुप्पट, ११३ हर्ट्‌झचा सूर घुमतो. खोली चौरस असली की दोन्ही जोड्यांचे घुमारे एकावर एक चढतात. म्हणून ढोलकीची धुम भिंतीजवळ अंगावर यायची आणि मधोमध गायब व्हायची. वाजवणाऱ्या पोराला वाटायचं, आपली थाप कच्ची. तुम्ही लाकडी चौकटी ठोकून घेतल्या: चार बाय दोन फूट, आत दोन इंच जाडीचं, ४८ किलो घनतेचं रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर), वरून मांजरपाट, आणि भिंतीपासून दोन इंच अंतर. ते अंतर सोडल्यामुळे तेवढ्याच रॉकवूलमध्ये आणखी खालचे सूर शोषले जातात. चारही कोपरे तिरके भरले. रॉकवूल कापताना मोठ्यांनीच, मास्क आणि हातमोजे घालून, हेही तुमचंच. आणि आरशाची युक्ती! एकाने ऐकायच्या जागी बसायचं, दुसऱ्याने भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा, जिथे आरशात स्पीकर दिसेल तिथे चौकट. शाळेत परावर्तनाचा धडा झालेली मुलं ते करताना इतकी खूश होती, की आरसा कुणी खाली ठेवायलाच तयार नव्हतं.

छत पत्र्याचं आहे, ते तुम्हालाही जमण्यासारखं नव्हतं. मुसळधार पावसात गाणं रेकॉर्ड होत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर गाणी लिहिणं, चाली बांधणं आणि एडिटिंग, असं वेळापत्रकच तुम्ही लावून दिलंत. पावसाळ्यात मायक्रोफोन घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल, रंग बदलला की नवी पुडी. तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, दमटपणाने सुरात उतरते, ती रेकॉर्डिंगच्या अर्धा तास आधी चढवून ठेवायची आणि सुरू करताना पुन्हा तपासायची.

मग मायक्रोफोन. महागडा कंडेन्सर नको, साधा डायनॅमिक घ्या, म्हणालात, कारण कंडेन्सर शेजारच्या घरची कुकरची शिटीही टिपतो. तोंडापासून एक वीत अंतर आणि थोडा तिरका, म्हणजे प, फ, ब, भ म्हणताना हवेचा फटका बसत नाही. मायक्रोफोनची पाठ खिडकीकडे, कारण पाठीमागून त्याला सगळ्यात कमी ऐकू येतं. पोवाड्यात 'जी जी रं जी' उंच गेलं की मुलानेच एक पाऊल मागे जायचं. रेकॉर्डिंगची पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये (शून्याच्या वर आवाज फाटतो), दर्जा २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ. एका मायक्रोफोनच्या एका मिनिटाला साधारण ८.६ एमबी जागा लागते, हे आमच्या सातवीतल्या पोरींना आता तोंडपाठ आहे. प्रत्येक गाण्याच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक या खोलीबाहेर.

सगळ्यात मोठा उपकार मात्र सुराचा. पेटीवर सगळ्यांना पांढरी एक या पट्टीत गायला लावायची सवय सगळीकडेच आहे. प्रत्येक कोवळ्या गळ्याला ती पट्टी सोसत नाही, सूर घशातच राहतात. तुम्ही प्रत्येकाचा पल्ला तपासलात आणि बहुतेकांना पांढरी पाच ते काळी पाचमध्ये बसवलंत. ज्यांचा आवाज फुटतोय त्यांना वर ताणायचं नाही, पट्टी उतरवायची, किंवा काही महिने ढोलकीवर बसवायचं. जुनी पेटी बहुधा ४४० या प्रमाण सुरावर नसते, ती किती सेंट (सुरांमधले बारीक भाग) चढलेली आहे ते ट्यूनरवर पाहून कीबोर्ड आणि तानपुऱ्याचं ॲप त्याप्रमाणे लावायचं. हे कळण्याआधी पेटीवर बसवलेलं गाणं कीबोर्डच्या ट्रॅकवर सतत चढल्यासारखं वाटायचं, आणि बोलणी खायची ती मुलं.

हेडफोनचंही तसंच. आवाज मोठा ठेवला की मूल स्वतःला ऐकूच शकत नाही आणि सुरावरून घसरतं. एक कान मोकळा, पण त्या बाजूची हेडफोनची वाटी डोक्याला दाबून, नाहीतर तिथून सांडलेला आवाज मायक्रोफोनमध्ये शिरतो. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल ही मर्यादा सांगते. त्या हिशोबाने तुम्ही हेडफोन ॲम्पच्या बटणावर लाल टिकली चिकटवलीत. टिकलीच्या पुढे कुणी जात नाही. टकटक करणाऱ्या क्लिकऐवजी केरव्याचा आठ मात्रांचा लेहरा (तालासोबत फिरत राहणारी सुरावट) दिलात, तेव्हापासून सम, म्हणजे पहिली मात्रा, चुकणं जवळपास थांबलं, कारण मुलांना आवर्तन कळतं, क्लिक नुसती टोचते.

विजेबद्दल एकच. स्पीकरमधून गुणगुण आली की तीन पिनी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक आहेत. मुलांच्या खोलीत हे जिवावर बेतू शकतं. तुम्ही सगळी यंत्रं एकाच बोर्डावर आणलीत, अर्थिंग नीट करून घेतलंत, पंख्याचा रेग्युलेटर वेगळ्या लायनीवर टाकलात. गुणगुण गेली.

केबल मुलांनीच दुरुस्त करायच्या, ही तुमची अट. मायक्रोफोनच्या केबलच्या कनेक्टरला तीन पिना: १ ला जाळी, २ ला धन, ३ ला ऋण. आधी दोन्ही भाग तापवायचे, मग कथील लावायचं. केबल बहुतेक वेळा कनेक्टरच्या तोंडाशीच तुटते, म्हणून आतली पकड आधी आवळायची, आणि गुंडाळताना कोपरावर पीळ न देता एक वेटोळं सुलट, एक उलट.

कागदांची आठवणही तुम्हीच केलीत. मुलाने लिहिलेल्या गाण्याचा लेखक ते मूलच. कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क त्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. गाणाऱ्याचा कलाकार म्हणून हक्क ५० वर्षं. अठराच्या आतल्या मुलाची सही चालत नाही, म्हणून पालकांसाठी मराठीत एक पान, ते मोठ्याने वाचून दाखवायचं, आणि गाणं बाहेर जाताना मुलाचं आडनाव, शाळा, गल्ली काहीच जायचं नाही.

देणगीदारांना आम्ही आता तुमचीच यादी देतो: गिटार नको, तबल्याच्या पुड्या, तारा, पेटीची दुरुस्ती, कथील आणि कनेक्टर द्या.

दाराखालची रबराची पट्टी झिजली आहे, बाहेरच्या रिक्षा पुन्हा ऐकू येऊ लागल्यात. माप तुमच्या वहीत सापडलं, ३२ इंच. रविवारी मुलंच बदलणार आहेत. तुम्ही फक्त चहाला या.

तुमचे,
वस्तीतल्या गाण्याच्या वर्गातले ताई-दादा