काटा उठत नाही म्हणून सेन्सर लगेच आणू नका

मस्कत, ओमान

तीर्थरूप बाबांस,

साष्टांग नमस्कार वि. वि.

काल फोनवर गाडीच्या स्पीडोमीटरबद्दल तुम्ही म्हणालात, "काटा उठतच नाही बघ. किलोमीटर पण सरकंनात. आणि गाडी हळू करून थांबवायला गेलं की इंजिन बंद पडतंय." गॅरेजवाल्याने डॅशबोर्डचा अख्खा मीटरच बदलायला सांगितलाय, हेही कळलं. फोनवर अशा गोष्टी धड सांगून होत नाहीत, शिवाय आवाज मधेमधे तुटत होता. बेळगावच्या उद्यमबागेत इतकी वर्षं लेथवर उभे राहिलात ते ड्रॉइंग समोर ठेवूनच. कागद हातात असला की तुमचं काम बिनचूक होतं, म्हणून सगळं लिहूनच पाठवतोय. धाकट्याला प्रिंट काढून द्यायला सांगा.

आधी महत्त्वाचं. मीटर बदलू नका आणि नवीन सेन्सरही लगेच आणू नका. तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणं मिळून दोष स्पीड सेन्सरकडेच जातो, पण सेन्सर म्हणजे नुसता तो डबीएवढा भाग नव्हे. त्याच्याकडे येणाऱ्या तीन वायरी, त्यांचा कपलर (वायरी सेन्सरला जोडणारा प्लग) आणि गिअरबॉक्समधलं छोटं गिअर, यांतलं काहीही बिघडलं तरी काटा असाच पडून राहतो. येळ्ळूरच्या पावसात, शेताच्या वाटेवर चालणाऱ्या गाडीत तर मला पहिला संशय वायरीचाच येतो. मी इथे वर्कशॉपमध्ये रोज हेच काम करतो. इथे उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होऊन कपलर तुटतात, आपल्याकडे पाणी शिरून पिना हिरव्या पडतात. सेन्सर बिचारा बऱ्याचदा धडधाकट असतो.

तो काम कसा करतो ते तुम्हाला दोन वाक्यांत कळेल. गिअरबॉक्समध्ये डिफरन्शिअलवरच्या, म्हणजे दोन्ही चाकांना फेरे वाटून देणाऱ्या भागावरच्या दात्यांना एक छोटं प्लॅस्टिकचं गिअर लागलेलं असतं, ते फिरलं की सेन्सरमधलं लोहचुंबक फिरतं, आणि आतली चिप प्रत्येक फेऱ्याला ठरावीक वेळा वायरीचा व्होल्टेज खाली-वर करते. अशा एका खाली-वरला ठोका म्हणू. जपानी धाटणीच्या पुष्कळ गाड्यांत किलोमीटरला ६३७ फेरे आणि फेऱ्याला ४ ठोके असा हिशेब असतो, म्हणजे किलोमीटरला २,५४८. हे ठोके मोजून डॅशबोर्डचा मीटर वेग आणि अंतर दाखवतो. तेच ठोके ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटरही बघतो. ठोके आले नाहीत तर गाडी चालतेय की उभी आहे हे त्याला कळत नाही, मग ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर इंजिनला हवा किती द्यायची हे चुकतं आणि इंजिन बंद पडतं. म्हणजे काटा आणि इंजिन हे दोन वेगळे आजार नाहीत.

आणि म्हणूनच बाबा, हे दुरुस्त होईपर्यंत जांबोटीकडून चोर्ला घाट उतरायचं मनातसुद्धा आणू नका. उतारावर इंजिन बंद पडलं तर ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम एक-दोनदा पाय दाबेपर्यंत पुरतो. पुढे पेडल दगडासारखं होतं. आक्काकडे गणपतीला चंदगडला जायचं ठरलंय, तर शिनोळीमार्गे एसटीने जा, पण ही गाडी तशीच नेऊ नका. एवढं माझं ऐकाच.

आता तपासणी. धाकट्याच्या मित्राकडे ब्लूटूथचा स्कॅनर आहे म्हणालात, तो एक दिवस मागून घ्या. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावला की बहुतेक पी ०५०० हा कोड दिसेल. त्या कोडचा अर्थ 'वेगाचा सिग्नल मिळत नाही' एवढाच आहे, 'सेन्सर बदला' असा नाही. खरा उपयोग पुढे आहे. धाकट्याला शेजारी बसवून गावातल्या सपाट रस्त्यावर हळू गाडी चालवा आणि त्याला स्कॅनरवर चालू वेग बघायला सांगा. स्कॅनर वेग दाखवतोय आणि काटा मेलेलाच आहे, असं निघालं तर गॅरेजवाला बरोबर, दोष मीटरमध्ये आहे. पण इंजिन बंद पडतंय त्या अर्थी तिथेही शून्यच दिसेल, असं मला वाटतं. स्कॅनरवर डोळे धाकट्याचे, तुमचे रस्त्यावरच राहू द्या.

मग बॉनेट उघडा. आपल्या गाडीत सेन्सर गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला, फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या बाजूला आहे. तीन वायरींचा कपलर आणि दहाच्या बोल्टने धरलेला काळा प्लॅस्टिकचा भाग, अशी खूण. हात घालण्याआधी टॉर्च मारून वायरी शेवटपर्यंत बघा. पावसाळ्यात उंदीर ऊब शोधत इंजिनवर येऊन बसतात आणि पहिल्यांदा वायरीचं आवरण कुरतडतात. कपलरची कुलपी दाबून तो सोडवा, वायरीला धरून ओढू नका. आत हिरवट-पांढरी बुरशी, ओल किंवा वाकलेली पिन दिसते का बघा. दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, मऊ ब्रशने साफ करून, पूर्ण वाळवून पुन्हा लावा आणि आधी गाडी चालवून बघा. कित्येकदा काम इथेच संपतं.

नाही संपलं तर मल्टीमीटर. डीसी व्होल्टवर २० च्या रेंजला ठेवा. कपलर सोडवलेला असू द्या, चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. काळी दांडी बॅटरीच्या मायनसला लावून कपलरच्या तिन्ही पिना एकेक करून तपासा. एकीवर बॅटरीइतका म्हणजे १२ च्या आसपास व्होल्टेज यायला हवा, हा पुरवठा. दुसरी सिग्नलची, तिच्यावर ५ च्या आसपास यावा, काही गाड्यांत तिथेही १२ येतो. हा व्होल्टेज मीटर आणि ईसीयूच्या बाजूने येतो, त्यामुळे तो मिळाला म्हणजे ती वायर तिथपर्यंत शाबूत आहे. तिसरी अर्थ, म्हणजे अर्थिंगची. ती तपासायला लाल दांडी बॅटरीच्या प्लसला आणि काळी त्या पिनेला लावा, पूर्ण १२ दाखवले तर अर्थ पक्का. ९-१० दाखवले तर अर्थ कुठेतरी गंजलाय. सेन्सरला ओहममध्ये तपासायचा प्रयत्न करू नका, आत चिप आहे, त्या आकड्यातून काहीच कळत नाही.

तिन्ही वायरी ठीक निघाल्या तर खरी परीक्षा. गाडी अंगणातल्या फरशीवर घ्या, ओल्या मातीवर जॅक नको. हँडब्रेक ओढा, मागच्या दोन्ही चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि पुढचं एकच चाक उचला. एकच म्हणतोय त्याला कारण आहे. दोन्ही उचललीत तर एक चाक फिरवल्यावर दुसरं उलटं फिरतं आणि डिफरन्शिअलचा पिंजरा जागेवरच राहतो, म्हणजे सेन्सर चांगला असूनही ठोका येणार नाही. जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली शिरायचं नाही, खाली घोडा, म्हणजे टेकूचा स्टँड लावाच.

आता कपलर सेन्सरला परत लावा आणि सिग्नलच्या वायरीला कपलरच्या मागच्या बाजूने, रबराच्या कडेने बारीक टाचणी सरकवून मल्टीमीटरची लाल दांडी टेकवा. वायर टोचू नका, त्या भोकातून पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरतं. चावी ऑन, आणि धाकट्याला चाक अगदी सावकाश फिरवायला सांगा. जोरात फिरवलं तर मल्टीमीटरला पकडता येत नाही, मधलाच कुठला तरी आकडा दाखवत राहतो. सावकाश फिरवलं की आकडा ५ वरून शून्यावर, शून्यावरून ५ वर असा उड्या मारायला हवा. मारला तर सेन्सर चांगला आहे. मला फोन करा, पुढचं डॅशबोर्डच्या बाजूने बघू.

आकडा हललाच नाही तर सेन्सर बाहेर काढायचा, पण तरीही दुकानात जायचं नाही. त्याच्या भोवतालचा चिखल आधी फडक्याने आणि ब्रशने साफ करा, नाहीतर कचरा सरळ गिअरबॉक्समध्ये पडेल. दहाचा बोल्ट काढून सेन्सर डावी-उजवीकडे हलवत सरळ वर ओढा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, कान तुटतो. भोकावर स्वच्छ फडकं झाका. मग कपलर लावलेलाच ठेवून, चावी ऑन करून, त्याचं छोटं गिअर बोटांनी फिरवा. तुमच्या हातात आकडा उड्या मारतोय आणि गाडीत मारत नव्हता, तर दोष त्या गिअरच्या दात्यांचा. ते दाते तुमच्याएवढे कुणाला कळणार? झिजलेला दाता तुम्ही अंगठ्याच्या नखाने ओळखता. आणि हातातही आकडा हलला नाही, तर आता मात्र सेन्सर गेला. आता खुशाल नवीन आणा.

बेळगावात दुकानात जाताना जुना भाग बरोबर घेऊन जा आणि काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून बघा. कपलरचा आकार आणि पिना तशाच हव्यात, गिअरचे दाते मोजून तितकेच हवेत. दाते कमी-जास्त असले तर काटा हलेल, पण वेग खोटा दाखवेल. नवीन भागाबरोबर गिअर आलं नाही तर जुनं चांगलं असल्यास क्लिप काढून त्यावरच चढवा. स्वस्तातला बिनखुणेचा भाग घेऊ नका. गिअरबॉक्सच्या उष्णतेत आतली चिप लवकर जाते आणि तीच मेहनत पुन्हा करावी लागते.

बसवताना बॅटरीचा मायनस काढा. नवीन ओ-रिंगला (सेन्सरभोवतीच्या रबरी कडीला) थोडं गिअर ऑइल चोळा, कोरडी घातली तर वळते आणि तेल पाझरतं. सेन्सर आत जाताना हाताने गिअर किंचित फिरवत बसवा, दात्यात दाता बसला की तो स्वतःहून खाली जातो. बोल्टने ओढून बसवायचा नाही. बोल्टही नुसता कसा, लांब दांडा लावू नका, खाली ॲल्युमिनियमचे आटे आहेत. ते तुम्हाला मी सांगायला नको, पण धाकट्याच्या हातात जोर फार आहे.

बॅटरी जोडून स्कॅनरने कोड पुसा आणि एक चक्कर मारा. मोबाइलवर जीपीएसचा वेग चालू ठेवून ताडून बघा. डॅशबोर्डचा काटा मोबाइलपेक्षा थोडा जास्त दाखवेल, ते बरोबर आहे, गाड्या तशाच बनवतात. काटा कमी दाखवायला लागला तर दाते पुन्हा मोजा. बॅटरी काढल्यामुळे सुरुवातीला इंजिन उभ्या जागी थोडं वर-खाली होईल, काही किलोमीटर चालल्यावर बसतं. काटा बंद होता तेवढ्या दिवसांचं अंतर मीटरमध्ये मोजलं गेलेलं नाही, तेव्हा पुढचं ऑइल मीटर सांगेल त्याच्या थोडं आधीच बदला.

रविवारी काम काढलंत तर मल्टीमीटरचे आकडे कागदावर लिहून ठेवा आणि फोन करा. तुमचे रात्रीचे ९ म्हणजे माझे साडेसात, तेव्हा मी खोलीवरच असतो. आईला सा. न. तिच्या गुडघ्याचं तेल येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतोय. धाकट्यास आशीर्वाद.

तुमचा,
थोरला

ता. क. हे पत्र आक्काच्या घरी दाखवलंत तर भावोजी त्यांच्या गाडीतही गिअरबॉक्सवर सेन्सर शोधत बसतील. त्यांची गाडी नवीन आहे, तिला एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा आहे. तसल्या पुष्कळ गाड्यांत वेग चाकांजवळच्या सेन्सरवरून घेतात, गिअरबॉक्सवर वेगळा सेन्सर नसतोच. त्यांना म्हणावं, आधी मला विचारा.