काका, त्या उशीबद्दल

प्रिय काका,

तुम्ही मला विमान उतरवायला शिकवलंत, त्याबद्दल फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "बरं, आज वारा काय म्हणतोय?" असं विचारून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

रविवारी बाबांना घेऊन उडाले. साताऱ्याहून येऊन त्यांना जेमतेम आठ दिवस झालेत. लायसन्स मिळाल्यावर विमानात पहिले बसतील ते बाबाच, हे मी केव्हाच ठरवलं होतं. टेक्ससचा वारा तुम्हाला नव्याने सांगायला नको. धावपट्टी १७, म्हणजे तोंड जवळजवळ दक्षिणेला; वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे उजव्या अंगाने. फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, वेग ६५ नॉट्स, सगळं जसं हवं तसं. चाकं टेकणार तेवढ्यात झोत आला. विमान वर उचललं गेलं, मग आपटलं आणि पुन्हा हवेत. पण धावपट्टीचं पलीकडचं टोक मला दिसत होतं, काका. स्वच्छ दिसत होतं. म्हणून आपण किती वर आहोत, नाक कुठे आहे, हे त्या क्षणी कळलं. नाक खाली दाबलं नाही. थ्रॉटल पूर्ण आत, म्हणजे इंजिनाला पूर्ण जोर, आणि गो-अराउंड, न उतरता पुन्हा वर. दुसऱ्या फेरीला अलगद उतरलो.

बाबा खाली उतरले, पंखाला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, "पहिल्या वेळी हट्टाने उतरली नाहीस, ते बरं केलंस." रात्री मला झोप लागली नाही. डोळ्यांसमोर सारखी तुमची ती पहिली सकाळ येत होती.

तुमच्याकडे आले तेव्हा माझ्या लॉगबुकमध्ये ४१ तास होते आणि एकही सोलो नव्हता. बरोबरची मुलं कधीच एकटी उडून आली होती. आधीच्या शाळेत तीन इन्स्ट्रक्टर झाले. एक म्हणायचा फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलणं, उशिरा करतेस, दुसरा म्हणायचा लवकर करतेस. तिसऱ्याने तर सांगितलं की काहींच्या हातात हे नसतंच. दर लँडिंगनंतर तासाचे पैसे भरायचे, गाडीत बसून रडायचं, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. उड्डाणाचे १५०० तास भरले की एअरलाइनमध्ये जायचं, ही त्या इन्स्ट्रक्टरांची गरज मला कळते. पण शेजारच्या सीटवरची बाई म्हणजे तास भरायचं साधन नव्हे. ४१ तासांत एकानेही मान वळवून माझ्याकडे नीट बघितलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असंही वाटत नाही.

तुम्ही त्या दिवशी इंजिन सुरूच केलं नाहीत. छोटी सेसना १७२ हँगरसमोर उभी होती. मला डाव्या सीटवर बसवलंत, मागे जाऊन शेपटीकडून विमान खाली दाबलंत. नाक वर आलं, उतरताना येतं तेवढंच. मागून ओरडून विचारलंत, "आता समोर काय दिसतंय?" मी म्हटलं, "इंजिनाचं झाकण आणि आभाळ." तुम्ही शेपटी सोडलीत, माझ्या दाराशी आलात, गुडघे वाकवलेत आणि तुमची नजर माझ्या डोळ्यांच्या पातळीला आणलीत. पांढऱ्या मिशांचा तुमचा चेहरा माझ्या खांद्याशेजारी होता, एक डोळा मिटलेला. मग म्हणालात, "अगं, तुला धावपट्टी दिसतच नाहीये. मग तू इतके दिवस उतरत होतीस कशावर?"

माझी उंची चार फूट अकरा इंच. सीट वर घ्यायची सोय बिघडलेली, आणि ती तशीच असते असं मला आधीच्या शाळेत सांगितलं होतं. जमीन दिसावी म्हणून मी नकळत नाक खाली ठेवत होते, म्हणून पुढचं चाक आधी टेकत होतं, म्हणून विमान उसळत होतं. उसळलं की घाबरून पुन्हा नाक दाबायचे. दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी, तिसरी त्याहून मोठी. पुढचं चाक मोडतं किंवा प्रोपेलर जमिनीला लागतो तो असाच. छोट्या विमानांचे सगळ्यात जास्त अपघात उतरतानाच होतात. माणसं बहुतेक वेळा वाचतात, पण विमान मोडतं आणि धीर खचतो. माझा तर विमान न मोडताच खचला होता.

पुढच्या शनिवारी तुम्ही उशी आणलीत. काकूंनी जुन्या सुती लुगड्यांचे थर घालून, गोधडीसारखे जवळजवळ टाके घालून शिवलेली. "फोमची नको, तो दबतो. उंची रोज तीच राहिली पाहिजे, तरच डोळ्याला सवय होते," असं म्हणालात. आणि पाठीमागे ठेवायला दुसरी, लहान, कारण बाजूच्या वाऱ्यात रडरचं, म्हणजे शेपटीच्या सुकाणूचं, पेडल पूर्ण दाबायला माझा पाय पोचत नव्हता. मग सीट पुढेमागे हलवून खिळा रुळात बसल्याचा टक् आवाज ऐकायला लावलात. थ्रॉटल देताना सीट मागे घसरली तर माणूस आधारासाठी योक, म्हणजे हातातलं नियंत्रणाचं चाक, ओढतो, नाक फार वर जातं आणि विमान स्टॉल होतं, पंखांची उचल संपते, हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता. का, ते मी तेव्हा विचारलं नाही.

त्या उशीवर बसून नऊ तासांत मी एकटी उडाले.

हुशार माणसं मला खूप भेटली आहेत. दुसऱ्याच्या जागेवरून काय दिसतं ते बघायला गुडघे वाकवणारी फार थोडी. सासरी, ऑफिसात, दवाखान्यात, किती जणांना सांगितलं गेलं असेल की तुझ्या हातात हे नाही, आणि कुणी खाली वाकून बघितलंच नसेल. आई गेल्यानंतर माझ्यासाठी कुणी लुगड्याचं काही शिवलं नव्हतं. काकूंना माझा नमस्कार सांगा. त्यांना हे सांगायचं राहूनच गेलं होतं.

रविवारच्या त्या आपटण्यात मोठ्या उशीची एका कोपऱ्याची शिवण उसवली आहे. मी साध्या दोऱ्याने टाके घातले, पण ते टिकत नाहीत. काकूंनी कोणता दोरा वापरला होता, तेवढं विचारून कळवाल का?

तुमची,
डाव्या सीटवरची